संवर्धित शेतीतील तणवाढ

संवर्धित शेतीतील तणवाढ ही नांगरट टाळून पिके घेणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यांपुढील एक प्रमुख समस्या आहे. जमिनीची कमीत कमी हालचाल, पृष्ठभागावर कायम आच्छादन आणि पिकांची विविधता ही संवर्धित शेतीची तीन तत्त्वे होत. या पद्धतीने जमिनीची धूप घटते, ओलावा टिकतो व मशागतीचा खर्च वाचतो. मात्र नांगर हे तण मारण्याचेही जुने साधन असल्याने, तो बाजूला ठेवताच पहिल्या काही हंगामांत तणे बहुधा वाढतात. ही वाढ किती होईल, हे बियांचा साठा, आच्छादन, फेरपालट, पाऊस आणि वेळेवर मिळणारे मनुष्यबळ या घटकांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

नांगरणी व वखरणीमुळे पेरणीपूर्वी उगवलेली तणे उपटली किंवा गाडली जातात आणि पिकाला स्वच्छ जमिनीत सुरुवात करता येते. अमेरिका व ब्राझीलमधील मोठ्या शेतांवर विनानांगरट शेती पसरली, ती प्रामुख्याने तणनाशकांच्या आधारावर. लहान शेतकऱ्याला हा आधार सहसा परवडत नाही.

झिम्बाब्वेमध्ये १९८० च्या दशकात ब्रायन ओल्ड्रीव्ह यांनी विनानांगरट मक्याची शेती सुरू केली. पुढे झिम्बाब्वे व झांबियात तिचे हातकुदळीने करण्याजोगे रूप प्रसारित झाले. त्यात शेत न नांगरता कोरड्या हंगामात ठरावीक अंतरावर लहान खड्डे घेतात, त्यांत शेणखत वा रासायनिक खत टाकतात आणि पावसाच्या सुरुवातीस बी टोकतात. बैल नसलेल्या कुटुंबालाही त्यामुळे वेळेवर पेरणी करता येते. परंतु खड्ड्यांमधील न हललेल्या जमिनीत पिकाबरोबरच तणही उगवते.

तणवाढ ठरवणारे घटक

बियांचा साठा : जमिनीत पडून राहिलेल्या तणांच्या सजीव बियांना ‘बियांचा साठा’ म्हणतात. नांगरट केल्यास हे बी निरनिराळ्या खोलीवर विखुरते, तर नांगरट थांबल्यास नवे बी वरच्या काही सेंटीमीटरांतच साचते. बारीक बियांच्या तणांना ही स्थिती अनुकूल असते, कारण खोल गाडलेल्या बारीक बीला वर येण्याइतकी शक्ती नसते. याची दुसरी बाजूही आहे. पृष्ठभागावरील बी मुंग्या, पक्षी व बुरशी यांच्या तावडीत सापडते आणि खोलवर सुप्त पडलेले जुने बी पुन्हा वर आणले जात नाही. म्हणून सलग काही वर्षे तणांना बी धरू दिले नाही, तर साठा घटत जातो. एखाद्या वर्षी तण पिकून गळले, तर तो पुन्हा भरतो.

बहुवार्षिक तणे : हरळी जमिनीखालील व जमिनीलगतच्या खोडांपासून, तर लव्हाळा गाठींपासून वाढतो. उन्हाळी नांगरटीने या खोडांना व गाठींना ऊन लागून त्यांतील काही सुकतात. विनानांगरट शेतीत त्यांना हा धोका उरत नाही. त्यामुळे संवर्धित शेतीत वार्षिक तणांची जागा हळूहळू बहुवार्षिक तणे घेण्याचा संभव असतो. झिम्बाब्वेत आणि महाराष्ट्रातही आढळणारा केना हा असाच चिवट असून, पावसाळी हवेत त्याचे तुटलेले पेर जमिनीवर पडले तरी पुन्हा मूळ धरते.

आच्छादन : संवर्धित शेती म्हणण्यासाठी किमान ३० टक्के जमीन झाकलेली असावी, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा निकष आहे. जाड आच्छादनाखाली प्रकाश पोहोचत नाही व कोवळे कोंब अडतात. विरळ आच्छादनाचा परिणाम मात्र उलट होऊ शकतो. कोरड्या प्रदेशात ते ओलावा टिकवते, पण प्रकाश पुरेसा अडवत नाही. परिणामी पिकासोबत तणही जोमाने उगवते. शिवाय झिम्बाब्वेच्या अनेक गावांत कापणीनंतर शेते सर्वांच्या गुरांना चरण्यासाठी खुली असतात. मक्याची ताटे गुरे खातात, उरलेली वाळवी फस्त करते आणि पुढील पावसापर्यंत आच्छादन नाममात्र राहते.

फेरपालट व आंतरपीक : दरवर्षी तेच पीक घेतल्यास त्याच्याशी जुळवून घेणारी तणे माजतात. मका, ज्वारी यांच्या मुळांवर जगणारा टारफुला हे याचे ठळक उदाहरण होय. त्याचे धुळीसारखे बी जमिनीत अनेक वर्षे टिकते. चवळी, भुईमूग, सोयाबीन यांसारखी पिके त्याचे बी उगवायला लावतात, परंतु त्याला पोसत नाहीत. त्यामुळे उगवलेला टारफुला मरतो. चवळीसारखे पसरणारे आंतरपीक जमीन झाकूनही तण दाबते. मका हेच मुख्य अन्न असलेल्या व जमीन थोडी असलेल्या कुटुंबाला मात्र मक्याचे क्षेत्र कमी करणे जड जाते.

खत व शेणखत : खत सर्वत्र फेकल्यास ते तणालाही मिळते, खड्ड्यात दिल्यास पिकाला अधिक उपयोगी पडते. न कुजलेल्या शेणखतातून तणांचे बी शेतात येते. नीट कुजलेल्या खतात उष्णतेमुळे बरेचसे बी मरते.

पाऊस : पावसाच्या प्रत्येक सरीनंतर तणांची नवी उगवण होते. झड लागली की खुरपलेले तण न सुकता पुन्हा रुजते, आणि अनेक शेतांची खुरपणी एकाच वेळी अडून राहते.

श्रमांची वाटणी

पिकाच्या आयुष्याच्या साधारण पहिल्या तृतीयांशात तणांची स्पर्धा सर्वाधिक घातक असते. मक्यासाठी पेरणीनंतरचे ३० ते ४५ दिवस महत्त्वाचे होत. या काळातील विलंब नंतरच्या कष्टांनी भरून निघत नाही.

दक्षिण आफ्रिका खंडभागात बैलांची नांगरट बहुधा पुरुष करतात, तर तण काढणे मुख्यतः स्त्रियांकडे असते. नांगरट थांबली की पुरुषांचे काम कमी होते आणि खुरपणीच्या पाळ्या वाढल्याने स्त्रियांचे वाढते. घरात आजारपण असेल वा तरुण माणसे शहरात गेली असतील, तर काम वेळेवर होत नाही. अशी कुटुंबे ही पद्धत छोट्या तुकड्यापुरती ठेवतात किंवा सोडून देतात. केन गिलर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुचर्चित लेखात आफ्रिकेतील संवर्धित शेतीच्या मर्यादा मांडताना या वाढीव श्रमभाराकडे लक्ष वेधले होते.

भारतातील अनुभव

नांगरट थांबल्याने तण नेहमीच वाढते असे नाही, हे हरियाणातील गव्हाच्या शेतीत दिसून आले. भात-गहू पट्ट्यात ‘गुल्ली डंडा’ हे गव्हासारखेच दिसणारे तण आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देईनासे झाल्याचे १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात आढळले. भातकापणीनंतर जमीन न नांगरता गहू पेरला असता जमिनीतील बी हलले नाही, पेरणी लवकर झाली आणि या तणाची उगवण घटली.

महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राईस तंत्र’ विकसित केले. त्यात चिखलणी व लावणी न करता कायम गादीवाफ्यांवर भात टोकतात आणि मागील पिकाची मुळे जमिनीतच ठेवतात. खाचरातील साचलेले पाणी जे तण दाबून ठेवत असे, त्यासाठी येथे तणनाशकांची जोड द्यावी लागते.

व्यवस्थापन आणि मतभेद

तणनाशकांमुळे खुरपणीचे कष्ट वाचतात. परंतु एकच रसायन वारंवार वापरल्यास प्रतिकारक्षम तणे निर्माण होतात, आणि मिश्रपिकांत निवडक फवारणी अवघड असते. ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात टाकल्यापासून त्याच्या वापराविषयी वाद आहे. अनेक देशांच्या नियामक संस्थांचे मत याहून वेगळे आहे.

रसायनांव्यतिरिक्त पुढील उपाय सुचवले जातात : पेरणीपूर्वी उगवलेले तण काढणे, पीक लहान असताना लवकर खुरपणी, ओळींतील योग्य अंतर, पसरणारी आंतरपिके, कुजलेले शेणखत आणि कापणीनंतरही बांधावरचे व शेतातले तण फुलण्यापूर्वी कापणे. यांपैकी शेवटचा उपाय पुढील हंगामाचा भार हलका करतो. जेवढ्या क्षेत्राची खुरपणी कुटुंबाला वेळेवर करता येईल, तेवढ्यावरच सुरुवात करून साठा घटल्यावर क्षेत्र वाढवणे, हा मार्ग लहान शेतकऱ्याला अधिक झेपणारा ठरतो.