‘पडीक’ या शब्दाचा इतिहास

महसुली दप्तरातील शब्द निरुपद्रवी नसतात. गायरान, परंपोक, खारीजखाता, पडीक. निजामी राजवटीत १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा आला आणि पुढे जवळजवळ साठ वर्षे मराठवाड्याच्या जमिनीचा हिशेब त्याच कायद्याने चालला. त्या हिशेबात जमिनीचे मोल साऱ्यावरून ठरे. जी सारा देत नाही ती पडीक. त्या जमिनीवर काय उगवते, कोण चरते, कोण जगते, याला रकाना नव्हता. गावकुसाबाहेरच्या माणसालाही गावाच्या हिशेबात असाच रकाना नव्हता. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

जालना जिल्ह्यात जंगल नावापुरतेच आहे. निसर्गरक्षण म्हटले की आपल्या शिकलेल्या मंडळींना मेळघाट, ताडोबा आठवते. माझे विद्यार्थीही तेच लिहितात, कारण पाठ्यपुस्तकात निसर्ग म्हणजे झाड. पण अंबड, घनसावंगी, परतूरकडची गोदाकाठची काळी राने आणि भोकरदन-जाफराबादकडील डोंगरउतार यांच्या मधे मुरमाड माळ पसरले आहेत. सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखाचा निसर्ग म्हणजे हा माळ. पवन्या, मारवेल, कुसळी ही इथली गवते. काळवीट, लांडगा, खोकड, तितर, चंडोल ही इथली वस्ती. गवताची मुळे वीतभर मातीला धरून ठेवतात, पाणी मुरवतात. नांगर लागला की दोन-चार पावसाळ्यांत मुरूम उघडा पडतो.

या माळाला खेटून महारवाडा, मांगवाडा असे. शेळी इथेच चरायची, सरपण आणि शेण इथूनच यायचे, तरोटा-कुर्डूची भाजी इथलीच. मेलेले ढोर ओढून टाकायचे तेही इथेच. ते काम आमच्या माणसांनी बाबासाहेबांच्या शिकवणीने नाकारले, आणि योग्यच नाकारले. (गिधाडे त्यामुळे उपाशी मरून संपली असे कोणी सुचवील तर त्याला सांगावे की गिधाडे मारली ती जनावरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने. त्या वापरावर बंदी यायला २००६ साल उजाडले.) ग्रामीण साहित्यातला माळ चांदण्याने न्हालेला असतो. तिथे वाकून शेण गोळा करणारी बाई कोणत्या वस्तीतली, हे त्यात फारसे येत नाही.

१९४८ साली निजामी गेली, पण काळी रानं ज्यांची होती त्यांचीच राहिली. आमच्या वाट्याला उरला तो माळच. १९५३ साली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर लढा झाला, लाखोंनी तुरुंग भरले. मागणी साधी होती : कसायला पडीक जमीन द्या. शासनाने दिली ती तुकड्या-तुकड्याने. १९७८ च्या निर्णयाने त्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. नामांतराच्या निमित्ताने मराठवाड्यातील दलित वस्त्या जाळल्या गेल्या तेही हेच वर्ष. मग २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० ही मुदत ठरली. बीडच्या एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानाने हा प्रश्न मराठवाड्याच्या गावोगावी नेला.

यातील एक तपशील विसरू नये. कब्जा सिद्ध करायचा तर पुरावा हवा. पुरावा कोणता? तलाठ्याने केलेला पंचनामा, दंडाची पावती, गाव नमुना एक-ई मधील नोंद. म्हणजे आपण गुन्हेगार आहोत याचा कागद ज्याच्याकडे, त्यालाच पुढे मालक होता येणार! म्हणून आमची अडाणी माणसे दंडाची पावती मागून घेत आणि पत्र्याच्या पेटीत जपून ठेवीत. गावचे कारभारी मात्र ती नोंदच होऊ देत नसत. उभ्या पिकात गुरे सोडण्याइतकाच हाही एक मार्ग होता.

दुसरीकडे सरकारने माळाला सुधारायचे ठरविले. १९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. नाव पुन्हा तेच, पडीक! गवत उपटून खड्डे खणायचे आणि त्यात सुबाभूळ, निलगिरी, गिरीपुष्प लावायचे, हे कार्यक्रम गावोगाव झाले. जिवंत अधिवास मोडून झाडे मोजायची, याला वनीकरण म्हणतात.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात निकाल दिला. प्रकरण पंजाबातील एका गावतळ्यावरील बांधकामाचे. त्यात सामायिक जमिनींवरील बेकायदा कब्जे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना झाले. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासकीय अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवादही नोंदविला आहे. आदेश सर्वांना पाठ आहे, अपवाद कोणी वाचत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, तेव्हा सरकारी आकडे पुढे आले : सुमारे २ लाख २२ हजार अतिक्रमणे, क्षेत्र सुमारे १० हजार हेक्टर. राज्यातील एकूण गायरान साडेचार लाख हेक्टरांच्या घरात. त्या हिवाळ्यात गावोगावच्या झोपड्यांवर नोटिसा चिकटल्या. शेकडा दोन-अडीच हेक्टरांसाठी एवढी धावपळ. मग उरलेल्या साडेसत्त्याण्णव हेक्टरांवर गवत का दिसत नाही? खडी, मुरूम, प्रकल्प, वनीकरण यांना अतिक्रमण म्हणत नाहीत.

तरीही आपल्या बाजूने एक अवघड प्रश्न आहेच, आणि तो चळवळीने टाळू नये. एका भूमिहीनाचा नांगर दुसऱ्या भूमिहीन विधवेच्या शेळीचे कुरण मोडतो. मुरमावरची बाजरी-तूर चांगल्या पावसातही पोटापुरतीच येते. जमीन ही केवळ उत्पन्न नसते, ती प्रतिष्ठा असते, म्हणून माणसे ती सोडत नाहीत. त्यांनी ती सोडावी असे मी म्हणणार नाही. जुने कब्जे नावावर झालेच पाहिजेत. पण राहिलेला माळ नांगरण्याची मागणी यापुढे आपल्या हिताची नाही. तो गवत म्हणूनच राखावा, आणि राखण्याचा अधिकार शेळी राखणाऱ्यांच्या हाती असावा.

निव्वळ अधिसूचनेने रक्षण होत नाही, हे माळढोकाने दाखविले. १९७९ साली सोलापूर-अहमदनगर भागात सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले, त्यात लोकांची शेतेच्या शेते गेली. असंतोष वाढला, २०१२ साली ते सव्वा हजारांवर आणले गेले, आणि पक्षी तोवर जवळजवळ संपले होते. याउलट गडचिरोलीतील मेंढा-लेखाला २००९ साली वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळाला, आणि जंगल गावाने राखले. पण तो कायदा वनजमिनीपुरता. आमच्या गायरानाला तो लागू नाही. माळासाठी तसा कायदा मागणे हे दादासाहेबांच्या मागणीचे पुढचे कलम आहे. तोवर जालन्यातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावचा नमुना एक आणि एक-ई काढावा, दोन्ही घेऊन माळावर जावे, आणि कागदावरचे गायरान किती, गवत किती, झोपड्या किती, खाणी किती, याची नोंद करावी.