जोत्यावरून राजवाडा

पेण किंवा रोह्याच्या शाळेची सहल रायगडावर गेली, की बालेकिल्ल्यात एखादे मूल हमखास विचारते, "बाई, राजवाडा कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. मुलांनी चित्रांत पाहिलेले राजवाडे बहुतेक राजस्थानातले : कमानी, छत्र्या, जाळीच्या खिडक्या. इथे समोर असतो सुमारे ८६ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा उघडा चौथरा. 'इथे महाराज राहत' एवढे सांगून आपण पुढे निघतो. पण हे चौथरे वाचता येतात.

आधी, वरचे बांधकाम गेले कुठे? आपल्याकडच्या जुन्या घरांत असते तशीच इथली रचना होती. खाली घडीव काळ्या दगडाचे जोते, वर लाकडी खांब-तुळया आणि उतरते छप्पर. कोकणातल्या पावसात हेच शहाणपणाचे. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्याने गडावर आग लागली आणि १० मे रोजी गड त्यांच्या हाती गेला. लाकूड जळाले, दगड राहिला. राजस्थानात पाऊस थोडा. तिथले महाल दगड-चुन्याचे, सपाट गच्च्यांचे, म्हणून ते आज उभे दिसतात.

आता उपयोगाकडे वळू. घराला ओटी असते आणि माजघर असते. परका माणूस ओटीवर बसतो, माजघरात घरचेच जातात. जयपूरजवळचा आमेरचा महाल याच तत्त्वावर उभा आहे. बाहेर सैन्याचा चौक, मग वरच्या पातळीवर लोकांसाठी दिवाण-ए-आम, गणेश पोळ ओलांडली की राजाचे खासगी महाल आणि अगदी आत जनाना. रायगडावरही नगारखान्यातून राजसभेत प्रवेश होतो. राजाचे निवासस्थान मात्र सभेमागे, आणखी एका भिंतीआड. राणीवसा म्हणून दाखवतात ते चौथरे वेगळ्या रांगेत आहेत. त्यांना जोडून शौचकूप आहेत, तेही मुलांना जरूर दाखवावेत. पालख्या-मेण्यांसाठी दरवाजे निराळे. कोणी कोठपर्यंत यायचे, हे भिंतीच सांगत असत.

यात एक मोजमाप आम्हाला फार बोलके वाटते. राजसभा सुमारे २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद. गुणाकार करून पाहा : २७,२८० चौरस फूट. राजाच्या वाड्याचे जोते २,८३८ चौरस फूट. म्हणजे ओटी घराच्या जवळजवळ दहापट!

एवढी मोठी ओटी कशासाठी? आमेरच्या महालाचा मोठा भाग ज्याच्या काळात झाला, तो मिर्झाराजा जयसिंग मोगलांचा मनसबदार होता. त्यानेच १६६५ मध्ये पुरंदरचा तह घडवला. पुढच्या वर्षी आग्र्याला औरंगजेबाच्या दरबारात शिवाजी महाराजांना मागच्या रांगेत उभे केले गेले, आणि त्यांनी तिथेच संताप व्यक्त केला. दरबारात कोण कुठे उभा आहे, यावर माणसाचा दर्जा ठरत असे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर ही मांडणी महाराजांच्या हाती होती. पूर्वाभिमुख सिंहासन, समोर नगारखाना, मधल्या सभेत सरदार, प्रधान, परके वकील. इंग्रजांचा हेन्री ऑक्झिंडेनही त्यात होता. आमेरचा महाल शोभेत कितीतरी सरस, पण कोणाचा मांडलिक नसलेल्या राजाची सभा ही रायगडची.

गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा जगदीश्वराच्या देवळाजवळचा शिलालेख वाचण्यासारखा आहे. त्यात बांधकामांची यादी येते, तिची सुरुवात विहिरी आणि तळ्यांनी होते. राजगृहांचा उल्लेख नंतर. गंगासागर तलाव राजवाड्याला लागूनच आहे, आणि तळे खोदताना निघालेला दगड बांधकामाला वापरण्याची सह्याद्रीत रीतच होती.

राहिला आवाजाचा प्रश्न. सिंहासनाजवळ हळू बोललेले नगारखान्यापाशी ऐकू येते, असे गडावर सांगतात. याला चमत्कार म्हणण्याआधी वर्गात फळ्यावर आकृती काढा. सिंहासन ते नगारखाना सरळ अंतर सुमारे ६७ मीटर. दोन्ही बाजूंना उंच भिंती आहेत असे धरले, तर बाजूच्या भिंतीवर आपटून येणारा आवाज पायथागोरसच्या नियमाने सुमारे ७७ मीटर चालतो. फरक १० मीटरांचा. म्हणजे तो ०.०३ सेकंद उशिरा पोचतो. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला साधारण ०.१ सेकंद लागतो. त्यामुळे इथे परावर्तित आवाज मूळ आवाजात मिसळून त्याला बळ देतो. भिंतींची आजची उंची किती, वारा कोणत्या दिशेचा, गर्दी असताना काय होते, हे सहलीला मुलांकडून तपासून घ्यावे. दोघांना दोन टोकांना उभे करा, एकाने अनोळखी शब्द हळू उच्चारावेत, दुसऱ्याने ऐकू येईल तसे लिहावेत. मग दहा-दहा पावले जवळ येत पुन्हा करा. वही आणि मोजपट्टी बरोबर घ्या.