‘स्क्रू’ आणि ‘तुएर्का’ : एका शीर्षकाचे भाषांतर

हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही दीर्घकथा १८९८ च्या जानेवारी ते एप्रिल या काळात ‘कोलिअर्स वीकली’त क्रमशः आली व त्याच वर्षी ग्रंथरूप झाली. होसे बियांको यांनी १९४५ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या एमेसे प्रकाशनासाठी तिचा स्पॅनिश अनुवाद केला. भाषांतरमीमांसेचा प्रश्न येथे शीर्षकापासूनच सुरू होतो.

इंग्रजीतील या वाक्प्रचारामागे अंगठा चिरडणाऱ्या छळयंत्राची स्मृती आहे. स्क्रूला फेरा देणे म्हणजे आधीच असह्य असलेला दाब वाढविणे. याच शब्दाचे इतर प्रयोग मात्र वेगळ्या दिशांना जातात. इंग्रजीत वेडसर माणसाचा स्क्रू ढिला असतो, मराठीतही ढिलाच. स्पॅनिशमध्ये तो (तेथे ‘तोर्निल्यो’) गहाळच झालेला असतो. शब्दाला शब्द मिळतो, त्याच्या वाक्प्रचारांचे जाळे सोबत येतेच असे नाही.

बियांकोंनी ‘तोर्निल्यो’ घेतला नाही. त्यांचे शीर्षक ‘ओत्रा वुएल्ता दे तुएर्का’, म्हणजे ‘नटाचा आणखी एक फेरा’. कोशनिष्ठ समीक्षकाला येथे दोन स्खलने दिसतील : स्क्रूच्या जागी नट आला आणि मूळ शीर्षकात नसलेले ‘आणखी एक’ घुसले. पहिल्याविषयी फारसे बोलण्याचे कारण नाही. फेऱ्यागणिक आवळत जाणे नटानेही साधते. दुसरे मात्र स्खलन नव्हे, अर्थनिर्णयन आहे.

जेम्सच्या संहितेत ही प्रतिमा दोनदा येते. प्रास्ताविक भागात डग्लस म्हणतो, की भुताच्या गोष्टीत एक मूल असल्याने परिणामाला आणखी एक फेरा मिळत असेल, तर दोन मुले असल्यावर काय होईल? पुढे बाविसाव्या प्रकरणात गव्हर्नेस हीच प्रतिमा स्वतःच्या निर्धाराविषयी वापरते. दोन्ही ठिकाणी ‘आणखी एक’ आहेच. शीर्षकात जेम्सने ते ठेवले नाही. बियांकोंच्या शीर्षकात ते संहितेतून परतले.

याची किंमत पडतेच. स्क्रू कोण फिरविते, भुते, गव्हर्नेस की लेखक, हे जेम्सच्या शीर्षकात मोकळे राहते. एडमंड विल्सनने १९३४ मध्ये भुते ही गव्हर्नेसच्या मनाची निर्मिती असल्याचे वाचन मांडले, तेव्हापासून या मोकळेपणाला विशेष वजन आले. ‘आणखी एक’ म्हणताच आधीचे फेरे गृहीत धरले जातात. लक्ष छळाकडून शेकोटीभोवती चाललेल्या गोष्टींच्या चढाओढीकडे वळते. ‘सोम्ब्रास सुएले वेस्तिर’ (१९४१) ही जिवंत-मृतांची सीमा धूसर ठेवणारी कथा लिहिणाऱ्या बियांकोंना हा सौदा परवडला असावा, असे मला वाटते.

आपला ‘पेच’ येथे उपयोगी पडेल असे क्षणभर वाटते. यंत्राचा, कुस्तीचा आणि मनाचा, असे तिन्ही अर्थ त्यात आहेत. परंतु ‘आणखी एक पेच’ म्हटले की जुना दाब वाढत नाही, दुसरीच अडचण उभी राहते.

स्पॅनिशमध्ये मात्र बियांकोंचे शीर्षक रुजले. एलोय दे ला इग्लेसिया यांनी १९८५ मध्ये ही कथा बास्क प्रदेशात नेऊन पडद्यावर आणली. गव्हर्नेसच्या जागी त्यांनी पुरुष शिक्षक आणला, पण शीर्षकातील ‘ओत्रा’ला हात लावला नाही.