प्रतापगडच्या भेटींतील मानेची पकड

शके १५८१ च्या मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजीं, प्रतापगडाखालीं झालेल्या भेटीविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं त्यांत भर घालण्याचें धाडस आम्ही सहसा केलें नसतें. पहिला घाव कोणाचा, या एका प्रश्नावरच विद्वानांची पुष्कळ शाई खर्ची पडली. परंतु घावाच्या आधीं मानेची पकड आहे, आणि तिच्याकडे मल्लाच्या दृष्टीनें कोणी पाहिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

साधनें मुख्यतः दोन. कवीन्द्र परमानंदाचें ‘शिवभारत’ हें महाराजांच्या हयातींतलें. तें तंजावरास सांपडलें व स. म. दिवेकर यांनीं १९२७ सालीं संपादून प्रसिद्ध केलें. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर महाराजांच्या पश्चात्, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी मुक्कामीं झाली.

‘शिवभारता’च्या एकविसाव्या अध्यायांत खान डाव्या हातानें राजाची मान धरतो आणि उजव्या हातानें कुशींत कट्यार चालवितो. बाहुयुद्धांत निपुण असा राजा तत्काळ मान सोडवून घेतो, अंग आंखडून कट्यार चुकवितो, आणि मग स्वतः वार करतो. सभासदाचा क्रम याच्या उलट आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणें खानानें मुंडी कवटाळून खाकेखालीं धरली व जमदाड चालविली. राजांनीं वाघनखांचा आणि बिचव्याचा असे दोन वार केले, आणि त्यानंतर मुंडी हिसडून घेऊन चौथऱ्याखालीं उडी टाकली. एकांत सुटका आधीं, दुसऱ्यांत वार आधीं. हा लेखकांचा हलगर्जीपणा समजून बहुतेक जण पुढें जातात. आम्हांस तसें वाटत नाहीं. क्रम भिन्न आहे, कारण पकड भिन्न आहे.

हें पुस्तकांतून उमगलें असें सांगितल्यास तें खोटें होईल. आमच्या कोरीट गांवीं तालमींत घुमणारे दोन तरुण आहेत. त्यांच्या हातीं शस्त्राऐवजीं लांकडाच्या चिपा देऊन आम्हीं दोन्ही पकडी करवून पाहिल्या. (साठी उलटलेल्या संस्कृताच्या मास्तरास हा उद्योग शोभत नाहीं, असें घरच्या मंडळींचें मत पडलें.) एका हातानें मान धरली असतां दोघांच्या मध्यें हातभर अंतर राहतें. धरणाऱ्याची पकड अंगठ्याच्या बाजूस दुबळी असते. धरलेला गडी हनुवटी छातीशीं आणून खांदा वळवितो व खालीं बसतो, कीं मान मोकळी. तेथें आधीं सुटका हेंच शहाणपण. खाकेंतली पकड निराळी. सरळ मागें ओढल्यास जबडा दंडाला अडकतो आणि आवळ उलट वाढते. पण धरलेल्याचे दोन्ही हात मोकळे असतात, आणि धरणाऱ्याचें पोट त्यांच्यापुढें उघडें पडलेलें असतें. पकड सैल करावयाची तर आधीं त्या पोटावरच घाव घातला पाहिजे. म्हणजे दोन्ही वृत्तांत आपापल्या पकडीशीं प्रामाणिक आहेत. त्यांची सरमिसळ मात्र करतां येत नाहीं. कीर्तनांतून आणि शाळेच्या पुस्तकांतून तीच सर्रास होते.

उंचीचाही विचार करावा. सुरतेच्या इंग्रज वखारीचा पाद्री एस्कॅलियट यानें १६६४ सालीं, पाहणाऱ्यांकडून ऐकून, महाराज बेताच्या उंचीचे असल्याचें लिहिलें आहे. खान धिप्पाड, याविषयीं परंपरेंत मतभेद नाहीं. उंच पुरुषानें ठेंगण्यास आलिंगन दिलें असतां ठेंगण्याचें मस्तक आपोआप छातीच्या बगलेशीं येतें.

एका शब्दाचा खुलासा येथेंच करतों. खानाची जमदाड राजांच्या अंगांतील ‘जरीच्या’ कुडतीवर खरखरली असें सभासद म्हणतो. कलाबतूवर लोखंड खरखरत नाहीं. हा ‘जर’ सोन्याचा नसून फारसी ‘जिरह’ म्हणजे कड्यांचें चिलखत होय. त्यानें कूस राखली. मान राखणें त्याचें काम नव्हे.

आमचा कल सभासदाकडे आहे, तो उत्तरकालीन असूनही. परमानंद कवि आहे. नायकानें आधीं मल्लविद्येनें सुटावें व मग शस्त्र उचलावें ही रचना काव्यास साजते. अमरकोशांत बाहुयुद्धास ‘नियुद्ध’ हें स्वतंत्र नांवच आहे, आणि चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासां’त मल्लविनोदाचें निराळें प्रकरण आहे, अशा परंपरेंतल्या कवीस बाहुयुद्ध सुचणें स्वाभाविक. सभासदाची मुंडी शेवटीं सुटते. यांत शोभा कांहींच नाहीं. अर्धा गुदमरलेला, खालीं मान घातलेला राजा कोणत्या स्तुतिपाठकानें रचला असता?

ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासांत आलिंगन देतांदेतांच वाघनखें चालतात. मानेचा तेथें उल्लेख नाहीं. जदुनाथ सरकारांनीं १९१९ सालीं मानेची पकड पुन्हा तिच्या जागीं आणली, तीही ‘शिवभारत’ छापून येण्यापूर्वीं. पकड वगळली कीं घाताचा आरोप सोपा होतो. ती ठेवली, तर वाघनखांचा घाव हीच मानेची सोडवणूक ठरते. परमानंद आणि सभासद, एकमेकांहून इतके भिन्न असूनही, मान खानानें आधीं धरली येवढ्यावर एक आहेत.

अज्ञानदासाच्या पोवाड्याच्या किंवा उत्तरकालीन बखरींच्या हस्तलिखित प्रती ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं पकडीचें क्रियापद व सुटकेचें स्थान तेवढें ताडून पाहावें, आणि पाठभेद निघाल्यास मंडळाकडे कळवावा.