गलबतांचा वेग

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. पण नगरच्या निजामशाहीला होता. वरचे चौल तिच्याच मुलखात होते, आणि १५७०-७१ मध्ये मूर्तजा निजामशहाने तेथल्या पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला होता. पुढे चौलजवळच्या कुलाब्यास कान्होजी आंग्रे यांचे आरमार नांदले. त्यांची गलबते इंग्रजी जहाजांहून वेगवान होती, असे सांगण्याची प्रथा आहे. आम्हांला ते अर्धेच खरे वाटते.

पाणी कापीत जाणारी नाव लाटा उठवते. वेग वाढला की लाट लांबत जाते. ती नावेइतकी लांब झाली, की नाव आपल्याच लाटेच्या खळग्यात सापडते. मग दुप्पट वल्हेकरी बसवले तरी वेग फारसा वाढत नाही. इंग्लंडात विल्यम फ्रूड यांनी १८७० नंतर हौदात नावांच्या प्रतिकृती ओढून या विषयाचा पाया घातला. लांबी चौपट, तर मर्यादा दुप्पट. पाण्यालगत २५ फूट लांबीच्या नावेची मर्यादा ताशी सुमारे ६.७ सागरी मैल. १०० फुटीची १३.४.

या हिशेबाने लांब इंग्रजी जहाजच सरस ठरते. परंतु ते वाऱ्याचे आश्रित. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने गलबताला ४०-५० वल्ही आणि ताशी ४ मैल वेग सांगितला आहे. वारा पडला की जहाज खिळून राही, आणि हे ४ मैल पुरेसे होत. गलबते मोठ्या गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस आणीत; तेथे तोफा थोड्या असत. आंग्र्यांच्या यशाचे मर्म आम्हांला वारा केव्हा पडतो हे ओळखण्यात दिसते.