मार्सेलसचा कमरपट्टा आणि दोन जन्मदिवस

आपला 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच्याही मागे लॅटिन 'नातालिस' आहे, म्हणजे जन्मदिवस. आजची गोष्ट याच शब्दाभोवती फिरते.

साल इ.स. २९८. स्थळ रोमन उत्तर आफ्रिका. लष्करी तळावर सम्राटाचा 'नातालिस' साजरा होतोय. मेजवानी आहे, देवांना बळी दिले जाताहेत. आता सैन्यात असा वाढदिवस म्हणजे नुसता जल्लोष नव्हे, ती निष्ठेची जाहीर कबुली असायची. अशा वेळी मार्सेलस नावाचा सेंच्युरियन, आपल्या भाषेत शतपती, पुढे आला. पलटणीच्या ध्वजचिन्हांसमोर त्याने कमरपट्टा काढून टाकला. हातातली द्राक्षवेलीची काठीही फेकली. कमरपट्टा ही सैनिकाची खूण, काठी ही अधिकाऱ्याची. आपण ख्रिस्ताचे सैनिक आहोत, यापुढे सम्राटाची चाकरी करणार नाही, असं त्याने सगळ्यांदेखत सांगितलं.

प्रकरण आधी फोर्तुनातुस या अधिकाऱ्यापुढे गेलं. ते दडपणं त्याला शक्य नव्हतं. अखेर टिंगिस, म्हणजे आजच्या मोरोक्कोतलं टँजिअर, इथे अग्रिकोलानुसपुढे सुनावणी झाली. मार्सेलसने काहीच नाकारलं नाही. तलवारीने शिरच्छेदाची शिक्षा झाली. तारीख होती ३० ऑक्टोबर.

इथे जरा थांबू या. त्याला नेमकं कशासाठी मारलं? ख्रिस्ती होता म्हणून? डायोक्लेशनचा ख्रिस्ती लोकांविरुद्धचा पहिला हुकूम निघाला ३०३ साली, म्हणजे पाच वर्षांनी. न्यायालयापुढचा गुन्हा शिस्तभंगाचा होता. शपथ मोडली, लष्करी चिन्हं फेकली. कोर्टाच्या दृष्टीने तो बेशिस्त सैनिक, चर्चच्या दृष्टीने हुतात्मा. कृती एकच. ती धर्माची की शिस्तीची, हा वाद मात्र त्या दालनात मिटला नाही.

त्याच्या खटल्याचा वृत्तान्त आजही उपलब्ध आहे, तोही एकाहून अधिक पाठांत. उत्तरकाळात त्याला स्पेनमधल्या लेओन शहराचा रहिवासी ठरवलं गेलं, बारा मुलगेही जोडले गेले. १४९३ साली त्याचे अवशेष टँजिअरहून लेओनला नेले. या भरीमुळे मूळ प्रसंग खोटा ठरत नाही. पण इतिहास वाचताना थर वेगळे करावे लागतात.

आता पुन्हा 'नातालिस'कडे येऊ. आपल्याकडे जयंती वेगळी, पुण्यतिथी वेगळी. प्राचीन ख्रिस्ती समाजाने हुतात्म्याच्या मृत्युदिनालाच 'नातालिस' म्हटलं. का, तर त्या दिवशी तो स्वर्गात जन्मतो. म्हणून ३० ऑक्टोबर हा मार्सेलसचा सण. जन्माची तारीख कोणी नोंदवली नाही, तिची गरजही वाटली नाही. ज्या सम्राटाचा जन्मदिवस त्याने नाकारला, तो साजरा करणारं आज कोणी उरलेलं नाही. मार्सेलसचा मात्र दरवर्षी येतो.