कार्बोरेटर : छिद्रांच्या मापाचा इतिहास

बीड शहराच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याजवळ बालाघाटाच्या डोंगरात कपिलधार आहे. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे हे वीरशैवांचे मोठे तीर्थस्थान झाले आणि कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला येथे दूरदूरच्या दिंड्या येतात. पावसाळ्यात धबधबा पाहायला येणारे वेगळे. या धबधब्यापासून बऱ्याच अंतरावर उभे राहिले तरी अंग ओले होते. धार फुटते, तिचे तुषार होतात आणि तुषारांतले काही पाणी वाटेतच हवेत विरून जाते. खालच्या कुंडातले पाणी त्या मानाने जागचे हलत नाही. एक घनसेंटिमीटर पाण्याचा एकच गोल थेंब केला तर त्याचा पृष्ठभाग जेमतेम ५ चौरस सेंटिमीटर भरतो. तेवढ्याच पाण्याचे ०.१ मिलिमीटर व्यासाचे थेंब केले, तर सर्वांचा मिळून ६०० चौरस सेंटिमीटर! बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते, म्हणून तुषार लवकर विरतात.

कपिलधारचा घाट चढून येणाऱ्या जुन्या मोटारसायकलींच्या टाकीखाली, मुठीएवढ्या धातूच्या भांड्यात, हेच काम पेट्रोलवर चाललेले असते. या भांड्याचे नाव कार्बोरेटर. द्रवरूप पेट्रोल सिलिंडरमध्ये नीट जळत नाही. त्याचे तुषार करून ते हवेत योग्य प्रमाणात मिसळावे लागते. शुद्ध पेट्रोलसाठी हे प्रमाण वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असे येते. हवा जास्त झाली तर इंजिन तापते आणि ओढ कमी होते. पेट्रोल जास्त झाले तर धूर, काजळी आणि खिशाला चाट.

सुरुवातीच्या इंजिनांत तुषार नव्हतेच. १८८५ च्या सुमारास बेन्झची तीनचाकी आणि डाइमलर-मायबाख यांची दुचाकी चालली ती पेट्रोलच्या वाफेवर. भांड्यात पेट्रोल ठेवायचे, त्यावरून हवा खेचायची आणि जी वाफ येईल ती इंजिनाला द्यायची. यात अडचण अशी की, पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक आधी उडून जातात आणि जड घटक तळाशी उरतात, त्यामुळे भांडे अर्धे रिकामे होईपर्यंत इंजिनाचा स्वभावच बदललेला असे. यावर १८९३ साली दोन ठिकाणी एकच तोड निघाली. फेब्रुवारीत हंगेरीच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी तुषार उडवणाऱ्या कार्बोरेटरचे पेटंट मागितले. ऑगस्टमध्ये जर्मनीच्या विल्हेल्म मायबाखने फ्रान्समध्ये तसेच पेटंट घेतले. फुले विकणारी एक मुलगी तोंडाने फुंकून फुलांवर पाणी उडवत होती, ते पाहून हंगेरीच्या जोडीला कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात.

ही फुंकर वर्गात करून पाहता येते. रंगीत पाण्याच्या पेल्यात शीतपेयाची एक नळी उभी धरावी, दुसरीतून तिच्या वरच्या तोंडाला काटकोनात जोराने फुंकावे. पाणी नळीत वर चढते आणि तुषार होऊन उडते. कार्बोरेटरात फुंकणाऱ्या तोंडाच्या जागी इंजिनाचे खेचणे असते. हवेची वाट मध्ये अरुंद केलेली असते. तेथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि खालच्या भांड्यातले पेट्रोल बारीक छिद्रातून वर ढकलले जाते. बर्नोलीचा ग्रंथ १७३८ चा आणि व्हेंच्युरीचे प्रयोग १७९७ चे. दोघांचेही लक्ष पाण्याच्या प्रवाहावर होते. मोटारीसाठी कोणीच काही शोधत नव्हते.

पुढची तीस-पस्तीस वर्षे मुख्यतः बारीक सुधारणांची गेली. इंग्लंडात तीन कंपन्या एकत्र येऊन १९२७ मध्ये 'अमल' हे नाव पुढे आले आणि पुढे कित्येक ब्रिटिश मोटारसायकलींवर तेच दिसू लागले. आपल्याकडे ते बुलेटबरोबर आले. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या या गाडीवर आधी अमल होता, पुढे जपानच्या मिकुनीच्या तंत्रावर देशातच बनलेला 'मिककार्ब' बसू लागला. १९६१ पासून म्हैसूरला जावा बनू लागली, तिच्याबरोबर चेक बनावटीचा 'जिकोव्ह' आला. बीडच्या शेजारच्या नगरात (आता अहिल्यानगर) फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ पासून ल्युना काढली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि चार-स्ट्रोक इंजिन गावोगाव पोचले. पुण्याच्या आकुर्डीतून बजाजच्या स्कूटर आणि मोटारसायकली येत होत्याच. छाप वेगवेगळे, पण आतली रचना बहुतेक एकच. त्यामुळे एक कार्बोरेटर नीट समजलेल्या मेस्त्रीचे हात कोणत्याही गाडीवर चालत.

ही रचना थोडक्यात पाहू. खालच्या वाटीत एक तरंगता फ्लोट असतो. पेट्रोलची पातळी वाढली की तो वर येऊन टोकदार पिनने टाकीचा मार्ग बंद करतो. आपल्या पाण्याच्या टाकीतल्या चेंडूसारखेच. वर ॲक्सिलरेटरच्या तारेने उचलली जाणारी नळकांडी स्लाइड आणि तिला लटकलेली निमुळती सुई. मूठ सोडलेली असताना पेट्रोल स्लो जेटमधून येते. मूठ थोडी उघडली की स्लाइडच्या कापलेल्या कडेचा प्रभाव पडतो, मधल्या टप्प्यात सुईचा, आणि पाऊण मुठीच्या पुढे मेन जेटचा. म्हणजे गाडी कोणत्या टप्प्यावर अडखळते हे विचारले की दोष कोठे आहे ते निम्मे कळते. चांगला मेस्त्री पाना उचलण्याआधी हे विचारतो.

या यंत्रात संगणक नाही, वीज नाही. सगळा निर्णय छिद्राच्या मापात साठवलेला आहे. म्हणूनच सफाई हे नाजूक काम ठरते, आणि नेमके तेच सर्वांत बेफिकिरीने होते. समजा, स्लो जेटचे भोक ०.३५ मिलिमीटरचे आहे. ते तुंबले म्हणून कोणी पोलादी तारेने कोरले आणि भोक ०.४० चे झाले. डोळ्याला फरक दिसणार नाही. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे सुमारे ३० टक्क्यांनी. पुढे गाडी ॲव्हरेज का देत नाही याचा शोध मालक वर्षभर घेत राहतो. जाणकार मेस्त्री विजेच्या वायरीतला तांब्याचा एकच धागा वापरतो, कारण जेट पितळेचा असतो आणि तांबे त्याहून मऊ. त्याहून उत्तम म्हणजे जेट द्रावकात भिजत ठेवून हवेच्या दाबाने फुंकणे. तोंडाने फुंकणे आणि नळीने पेट्रोल ओढणे ही सवय मात्र सोडायलाच हवी. पेट्रोलमध्ये बेन्झीन असते आणि ते कर्करोगकारक आहे.

जेट तुंबतो कशाने? धूळ हे एक उत्तर. मराठवाड्यात त्याहून मोठे उत्तर आहे ते उभ्या गाडीचे. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, ती पाच-सहा महिन्यांनी परततात. मागे घरी गाडी राहिली तर वाटीतले पेट्रोल हळूहळू उडते आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झालेले घटक डिंकासारखे तळाशी बसतात. सर्वांत बारीक छिद्र स्लो जेटचे, म्हणून आधी तेच बुजते. गाडी चोक दिला तर सुरू होते आणि सोडला की बंद पडते, ही त्याची खूण. दोन-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलही मागे राहते, त्यामुळे तो थर अधिक चिवट होतो.

दुरुस्तीत जेटखेरीज तीन गोष्टी पाहायच्या. वाटीत पांढरी भुकटी दिसली तर पाणी शिरले आहे, कारण जस्ताच्या मिश्रधातूला पाणी असे खाते. फ्लोटच्या पिनच्या टोकावर कडे उमटले असेल तर ती बदलावी, नाहीतर पेट्रोल ओसंडते. आणि फ्लोटची उंची कंपनीने दिलेल्या मापाइतकीच ठेवावी. एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने सगळे मिश्रण बदलते. किटमधले नवे रबर बसवले आणि माप घेतलेच नाही, तर दुरुस्ती अर्धीच झाली असे आम्ही म्हणू.

ट्यूनिंग नेहमी गरम इंजिनावर करावे. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्यायचा, मग साधारण दीड फेरा बाहेर. तेथून थोडा इकडेतिकडे फिरवून इंजिन सर्वांत जोरात फिरेल ती जागा शोधायची आणि मग स्लोचा स्क्रू कमी करायचा. शेवटी प्लग काढून पाहायचा. तपकिरी असेल तर ठीक, काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी. उंचीचाही परिणाम होतो. सहा-सातशे मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते. सिलिंडरमध्ये हवा तितकी कमी जाते. पेट्रोलचा ओघ मात्र हवेच्या घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे, म्हणजे ३ टक्केच कमी होतो. परिणामी मिश्रण ३ टक्के दाट. बालाघाटावर एवढे चालून जाते, हिमालयात गाडी गुदमरते.

हे सारे हिशेब पेट्रोल शुद्ध आहे असे धरून. रॉकेल मिसळलेले पेट्रोल तुषार झाले तरी नीट विरत नाही आणि काजळी धरते. हा केवळ गॅरेजचा विषय नव्हता. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनभेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ गेला. इंधन आता संगणक मोजून फवारतो. एखाददुसऱ्या स्वस्त मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटर टिकला, एवढाच अपवाद. पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत आणि त्यांच्यापुढचा प्रश्न इंधनाचा आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची सुरुवात महाराष्ट्रासह काही राज्यांत २००३ साली ५ टक्क्यांनी झाली. २०२३ पासून २० टक्क्यांचे मिश्रण पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये देशाची सरासरी त्याच्या आसपास पोचली. यातले बरेच इथेनॉल उसाचे. बीडच्या तोडणी कामगाराने तोडलेला ऊस कारखान्यातून फिरून त्याच्याच गाडीच्या टाकीत येतो, असे म्हणायला हरकत नाही.

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला १४.७ ऐवजी सुमारे ९ भागच हवा पुरते. २० टक्के मिश्रणाचे गणित साधारण १३.५ येते. संगणक हा फरक ओळखून फवारा वाढवतो, जुन्या जेटला ते जमत नाही. त्याच्यासाठी मिश्रण ८ टक्के पातळ होते. भरपाईला क्षेत्रफळ ८ टक्के, म्हणजे व्यास सुमारे ४ टक्के वाढवावा लागेल. जेटवरचा आकडा व्यासाचा असेल, तर १०० नंबरच्या जागी १०४ किंवा १०५. पण हा नवा जेट विकत घेऊन बसवायचा, जुना कोरून नव्हे. जुनी रबरे इथेनॉलने फुगतात, तेव्हा तीही त्याला सोसतील अशी घ्यावीत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, जेथे जेट असतात. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर निघण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, आणि वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले थेंबही बाटलीत काढून घ्यावेत.